दोन डावे पंख

बुधवार, संध्याकाळ

आज वर्कशॉपमध्ये मॉडेल विमान जोडायला घेतलं आणि कळलं, आमच्याकडं दोन्ही पंख डावेच आहेत. वर्गाच्या प्रोजेक्टचं विमान एकच, पण डावा पंख आम्ही हॉस्टेलवर केला आणि उजवा सनाच्या गटानं शहागंजात, तिच्या घरी. ड्रॉइंग मात्र एकच, डाव्याचं. उजव्यासाठी ते उलटं ठेवायचं, हे कुणी कुणाला बोललंच नाही. दुसऱ्याला माहीत असेल, असं वाटलं सगळ्यांना. पंख पालथा घालून पाहिला, तर वर हवी ती फुगीर बाजू खाली गेली. आणि उड्डाण रविवारी.

सनाचा पंख किती सुबक. अम्मीच्या इस्त्रीनं वरची प्लास्टिकची फिल्म अशी चिकटवलीय की एक सुरकुती नाही. आमच्या पंखावर सुरकुत्याच सुरकुत्या. राग आला मला. तिचा? नाही, बहुतेक त्या सुरकुत्यांचा.

वाटलं, सना आता रडणार. ती म्हणाली, "जाने दो. एक डावा जास्तीचा राहू दे, विमान पडलं तर लागंलच. उजवा इथंच करू, सगळे मिळून."

उद्या ती इस्त्री घेऊन येतेय. निघताना मला म्हणाली, "या वेळी इस्त्री तू फिरव. मी फिल्म ताणून धरते."