वरचे वावर आणि सुनंदाबाईची पाटी

मी यशोदाबाई झुलाल पाटील, वय एकाहत्तर, धंदा शेती, राहणार करंजखेडे, तालुका अमळनेर, जिल्हा जळगाव. माझी शुद्ध जाग्यावर आहे, डोळ्यांना पीक आणि तण अजून वेगळे दिसते, आणि हे मृत्युपत्र माझ्याकडून कोणी दडपणाने लिहवून घेतलेले नाही.

१. राहते घर मुलगा भूषण यास. बँकेतली ठेव भूषण आणि मुलगी पुनम यांनी निम्मी निम्मी घ्यावी. दागिने पुनमला. सुनेला पाटल्या आधीच दिल्या आहेत, तिने नाही म्हणू नये.

२. फवारणीचा पंप शेजारी मोतीलाल यास. एरवीही तो त्याच्याकडेच असतो. ह्या पंपाने माझा घात केला. सेंद्रिय शेतीच्या दाखल्यासाठी आमच्या गटातले शेतकरी एकमेकांची वावरे तपासतात. माझ्या वावरात कधी विषारी औषध पडलेले नाही. पण मोतीलाल पंप मागायचा, शेजाऱ्याला नाही कसे म्हणणार, आणि त्यातून तो स्वतःच्या कपाशीवर औषध मारायचा. तपासणीला माझी धाकटी जाऊ सुनंदाबाई सगळ्यांदेखत म्हणाली, "अक्का, हाऊ पंप बाहेर जास ना?" मी खोटे बोलले नाही. त्याच पंपाने मी निंबोळी अर्क मारते, म्हणून दाखल्याआधी बिनविषाची जी तीन वर्षे भरावी लागतात, ती माझी पुन्हा पहिल्यापासून धरायची ठरली. मी गटच सोडला.

३. सुनंदाबाईस काही नाही. शेण-गोमूत्राचे जीवामृत करायला तिला मी शिकवले. आता तिच्या बांधावर 'प्रमाणित सेंद्रिय' अशी पाटी आहे, पुण्याचे गिऱ्हाईक गाडी घेऊन दारात येते, धुळ्याला तिची भाषणे होतात. माझी तूर तशीच चोख, पण बाजारात कुणाच्याही मालात मिसळून जाते. मला तिचा हेवा वाटतो. वयाने कमी होईल म्हणून वाट पाहिली, झाला नाही.

४. वरचे वावर, तीन एकर, विहिरीसह. ह्याच्या खाली सुनंदाबाईचे वावर, माझे पावसाचे पाणी तिच्याकडे उतरते. भूषण म्हणतो, सावद्याचा एक केळीवाला हे भाड्याने मागतो आहे. तो खते-औषधे ओतणार आणि एका पावसाळ्यात खालचीचा दाखला जाणार. हा विचार मी बरेच दिवस मनात घोळवला आणि मला फार बरे वाटले. पण त्यासाठी आधी माझे वावर नासवावे लागते. ते माझ्याने होणार नाही. वावर पुनमला, त्यात कधी विष पडू नये ह्या अटीवर. पुनमने गटात नाव घालावे. मग सुनंदाबाईने दरवर्षी चढ चढून यावे, बांधाबांधाने फिरावे आणि अक्काचे वावर स्वच्छ आहे असे स्वतःच्या हाताने लिहून द्यावे. मला तेवढेच हवे होते.

५. हा मजकूर तिला नंतर कोणी गोड करून सांगू नये, म्हणून पहिली साक्षीदार तिलाच केले आहे.

स्थळ : करंजखेडे
दिनांक : १४ जानेवारी २०२५
सही : यशोदाबाई झुलाल पाटील

साक्षीदार :
१. सुनंदाबाई प्रेमराज पाटील
२. ज्ञानेश्वर पुना पाटील, निवृत्त शिक्षक

पुरवणी : सुनंदाबाईने सगळे वाचले, सही केली आणि म्हणाली, "अक्का, तपासनी यंदाच करूत ना. मरानी वाट कसाले देखनी?" तिला सोमवारी ये म्हटले आहे. चहा मात्र करणार नाही.

पुन्हा सही : यशोदाबाई झुलाल पाटील