जांभळावरची शेपटी

गारगोटी, ३ ऑगस्ट २०२५

चि. संघप्रियास आजोबांचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

तुझ्या बाबाचा, बुद्धभूषणचा, गुडघा कसा हाय? तुझ्या आईचा, निशाचा, खोकला थांबला का? आणि तू दोन वेळ जेवतेस, की पाल्याचे फोटो बघूनच पोट भरतंय? तुझी आजी ठणठणीत. तिचा आवाज शाहूपुरीपर्यंत येत असेलच की.

वि. वि. तू चित्र पाठवलं होतंस ना, नेच्याच्या भाऊबंदातलं, फूल न येणारं, फांदीवरून माकडाच्या शेपटीसारखं लोंबणारं झाड? सापडलं! वरच्या रानात गेलतो, जांभळावर दिसलं. चिखलात तुझी पायपीट नको म्हणून अलगद काढलं आणि तेलाच्या डब्यात भरपूर शेणखत घालून लावलं. तीस वर्षं रोपवाटिकेत काढलीत, हात बसलेला हाय. एसटीनं पाठवू का?

तुझा आजोबा, बाबासो

शाहूपुरी, ७ ऑगस्ट

ती. आजोबांना सा. जयभीम.

बाबांचा गुडघा पावसाची खबर आधी देतो, आईचा खोकला गेला, मी जेवते.

आजोबा, काय केलंत हे! ते मातीत राहतच नाही. झाडाच्या ओल्या सालीवर, शेवाळात जगतं. त्याला शेणखत म्हणजे तान्ह्या बाळाला मटणाचा रस्सा! आणि मला झाड नको, त्याचं घर हवंय: कुठल्या फांदीवर, किती उंच, कोणत्या अंगाला. दोन वर्षं घाट पालथा घातला, एकही दिसलं नाही. पंचवीस तारखेपर्यंत रानात पाहिलं नाही, तर माझा प्रोजेक्ट कोरा. तिथं ते एकच होतं का? रागावून विचारत नाही. थोडंसंच रागावलेय.

तुमची संघप्रिया

गारगोटी, ११ ऑगस्ट

चि. संघप्रियास आशीर्वाद.

तुझं पत्र आजीनं मोठ्यानं वाचलं. रश्श्यापाशी येऊन मलाच हसली.

शेपटी पिवळी पडली गं. जन्मभर दिसेल त्याला खत घातलं; नको म्हणणारं हे पहिलंच. धुतली, परत नेली, त्याच फांदीच्या शेवाळात सुतळीनं बांधली. मग मान दुखेस्तोवर वर बघत बसलो. शेंड्याकडच्या फांदीला तीन लोंबताना दिसल्या! माझा हात पोचला असता, तर त्याबी डब्यात असत्या.

जांभूळ कुठलं, ते पत्रात लिहिणार न्हाय. सारा घाट फिरलीस, आजोबाच्या रानात तेवढी आली न्हाईस. चोवीस तारखेच्या रविवारी ये. शेपटीवर आहे त्याच्या निम्मा लोभ म्हाताऱ्यावर ठेव, आणि कुठल्या एसटीनं येतेस ते उलटटपाली कळव.

तुझा आजोबा