दुसरी खाट

१ जुलै

आज रुजू झाले. ‘विद्यार्थी स्वास्थ्य केंद्र’ अशी लांबलचक पाटी आणि ग्रंथालयामागच्या तीन खोल्या: बाहेर बाक, मधे माझं टेबल, आत विश्रांतीची खोली. परीक्षेच्या धसक्याने पोटात गोळा आलेल्या, घरच्या आठवणीने झोप उडालेल्या मुलांनी यावं, तासभर पडावं, वाटलं तर माझ्याशी बोलावं. प्राचार्यांनी स्वागताच्या भाषणात ‘मनःशांती’ इतक्यांदा म्हटलं की माझीच मनःशांती जायची वेळ आली. पण माणूस बरा आहे.

खरा आनंद वेगळाच आहे. माझी भाची इथेच पहिल्या वर्षाला आहे. वाचताना सारखी गुणगुणते म्हणून आम्ही तिला भुंगा म्हणतो. बाप लहानपणीच गेला, आणि ताईच्या हृदयाचं ऑपरेशन या महिन्याअखेरीला ठरलंय. तेव्हा इथे पोरीला मी आणि मला ती. दुपारी आली, माझी अर्धी बिस्किटं संपवली आणि बाकावर पुस्तक उघडून गुणगुणत बसली. बरं वाटलं.

३ जुलै

जुन्या नर्सबाई आज चार्ज देऊन निवृत्त झाल्या. विश्रांतीच्या खोलीत दोन खाटा आहेत, पण वापरात एकच. दुसरीवर फाटक्या गाद्या, ब्लँकेटं, मोडका वजनकाटा, मासिकांचे गठ्ठे. छताला टेकायचंच बाकी. हे काय, म्हणून विचारलं, तर म्हणाल्या की असू द्या, ती खाट रिकामी ठेवू नका. का, म्हटलं, तर पर्समध्ये किल्ल्या शोधायला लागल्या. शेवटच्या दिवशी माणसं जराशी हळवी होतात. मला मात्र पसारा डोळ्यांत खुपतो.

४ जुलै

शिपायाला हाताशी घेतलं आणि सगळी अडगळ कोठीत टाकली. दुसऱ्या खाटेवर स्वच्छ चादर, नवी उशी. खोली एकदम मोकळी वाटते. नर्सबाईंनी पाहिलं असतं तर त्यांनाही आवडलं असतं.

१० जुलै

मुलं येतात, झोपतात, टवटवीत होऊन बाहेर पडतात. माझ्याशी बोलायची कोणाला गरजच उरत नाही. बास्केटबॉल खेळणाऱ्या एका उंच मुलाचे वडील हिवाळ्यात गेले, तेव्हापासून त्याला झोप नव्हती. आज बाहेर आला तो चेहरा धुतल्यासारखा. माझे आभार मानले. म्हणाला की बाजूच्या खाटेवरच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं, फार माया आहे त्यांच्यात.

बाजूच्या खाटेवर कोणी नव्हतं. मी दाराशीच बसले होते. स्वप्न पडलं असेल, म्हटलं. पण परवा दोघी मुलीही त्याच बाईंचं कौतुक करत होत्या. स्वप्नातली समुपदेशक माझ्यापेक्षा लोकप्रिय आहे, म्हणून मी हसले. मग आत जाऊन पाहिलं. दुसऱ्या उशीला मधोमध खळगा पडला होता. मी ती थापटून सारखी केली.

१७ जुलै

उंच मुलाच्या आईचा फोन. बाईंना धड बोलवत नव्हतं. मुलगा सुट्टीला घरी गेला आणि भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बोट दाखवून म्हणाला, हे गृहस्थ कोण.

त्याला बोलावून घेतलं. वडिलांचा विषय हळूच काढला. कोणाचे वडील, असं त्याने अगदी अदबीने विचारलं. खोटं बोलणारी मुलं मी कमी पाहिलेली नाहीत. हा खोटं बोलत नव्हता. झोप छान लागते म्हणाला.



१८ जुलै

नर्सबाईंना फोन केला. त्या मुलाचं सगळं सांगितलं. मग म्हणाल्या, ती ऐकते. तुम्ही ज्याच्यासाठी रडता, ते माणूसच ती तुमच्यातून काढून घेते. मग रडायचं कशाला उरतं? हे सांगितलं असतं तर तुम्ही मलाच वेड्यात काढलं असतं, असंही म्हणाल्या. खरंच काढलं असतं.

गाद्या, गठ्ठे, वजनकाटा, सगळं परत खाटेवर रचलं. खोलीला कुलूप घातलं. भुंग्याला बजावलं, त्या खोलीकडे फिरकायचं नाही, रडू आलं तर सरळ माझ्याकडे यायचं. ती म्हणाली, मावशी, तू किती घाबरतेस.

२१ जुलै

प्राचार्य चिडलेत. मुलं तक्रार करतात, खोली उघडा म्हणून. त्यांनी दुसरी किल्ली आणून स्वतःच कुलूप काढलं.

सगळी अडगळ जमिनीवर होती. घड्या घालून, ओळीने मांडलेली. खाट रिकामी. उशीला खळगा.

प्राचार्य म्हणाले की बघा, आवरून तर ठेवलंय की.

ताईचं ऑपरेशन अलीकडे आलं. पंचवीसला. भुंगा रात्रंदिवस रडतेय.

२३ जुलै

मला मीटिंगला बोलावलं — नको म्हणत होते — परत आले तर विश्रांतीच्या खोलीबाहेर बूट. पिवळ्या नाड्यांचे. भुंग्याचे.

ती हसत बाहेर आली. मावशी, कसली गाढ झोप लागली, म्हणाली. मी म्हटलं चल, आईला फोन करू. तिने विचारलं, कोणाच्या आईला?

बाकावर पुस्तक उघडून बसली. गप्प. गुणगुणत नाही.

आत कोणीतरी गुणगुणतंय.

२४ जुलै

ताईचा फोन. भूल द्यायच्या आधी एकदा पोरीचा आवाज ऐकू दे म्हणाली, उद्याचं काय सांगावं. मी परीक्षेचं निमित्त सांगितलं. ताईशी आयुष्यात पहिल्यांदा खोटं —

त्या खोलीत जाऊन तिच्याकडेच मागून बघणार. माझं दुःख सांगायचं नाही. रडायचं नाही. फक्त मागायचं, माझ्या पोरीला तिची आई परत दे. भुंग्याला बाहेर बसवलंय. दार उघडं ठेवलंय. वही बरोबर आहे.

२४ जुलै, दुपार

पडलेय. ती आहे. कुशीवर वळली, खाट करकरली —

परत दे म्हटलं. कोण, विचारते. सांगितल्याशिवाय कसं — म्हटलं माझी ताई — जिने माझ्या वेण्या घातल्या, जिने मला शिकवलं — आणि तिची पोर, माझा भुंगा — नाही, रडत नाहीये मी —

इतकं नीट कोणी कधी ऐकलं नव्हतं —

हलकं वाटतंय —

२४ जुलै, संध्याकाळ

छान झोप झाली. खोली कशी मोकळी आहे.

बाहेर बाकावर पिवळ्या नाड्यांचे बूट घातलेली एक मुलगी बसलीये. गोड आहे. कोणाची वाट बघतेस, विचारलं, तर म्हणाली, मावशी, तुझीच की; थट्टेखोर दिसते. दोघी हसलो.

माझा फोन मघापासून वाजत होता. आताच उचलला. कोणी बाई आहेत, चुकून लागलेला दिसतो. उद्या त्यांचं ऑपरेशन, मुलीशी बोलायचंय म्हणून रडतायत. ठेवून देववेना, ऐकून घेणं माझं कामच. अजून लाइनवर आहेत. त्यांना म्हणते, एवढा त्रास कशाला करून घेता, या इथे, घटकाभर पडा, आमच्याकडे एक खाट रिकामीच आहे.