विहीणबाईंच्या पदराला लावलेली काडी

कर्जत

ती. दशरथदादास,

धाकट्या हिरूचा नमस्कार. वहिनींचा गुडघा आता वाकतो का? तुझी साखर आटोक्यात असेल. नसेल तर पत्र संपेपर्यंत आणखी वाढेल. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू "गिऱ्हाईक आलंय गं" म्हणून ठेवून देतोस, कागदाला तसं गप्प करता येत नाही. इकडे सगळे खुशाल आहेत, म्हणजे किरण माझ्याशी बोलत नाही, तिचे बाबा जेवताना माझ्याकडे बघत नाहीत आणि पोरीचं लग्न मोडायच्या बेतात आहे. बाकी ठीक.

झालं ते माझ्याकडूनच ऐक. विहीणबाईंकडून ऐकलंस तर मी अख्खा कर्जतचा बाजार पेटवला असं वाटेल. आग फक्त पदराच्या गोंड्याला लागली होती. (एका गोंड्याला पूर्ण, दुसऱ्याला अर्धी.)

रविवारी किरणच्या लग्नाचा बस्ता होता. दोन्हीकडच्या माणसांनी एकत्र बसून लग्नाचे कपडे काढायचे, ही आपली रीत मला आवडते. भांडणं लग्नाआधीच उरकतात. स्वराजची आई, म्हणजे होणाऱ्या विहीणबाई, खालापूरहून पैठणी नेसून आल्या. वांगी रंग, पदरावर मोर. बस्त्याला पैठणी नेसून कोण जातं रे? गादीवर बसल्या त्याही पदर सगळ्यांना दिसेल असा पसरून. आम्ही किरणसाठी एक साडी बाजूला काढली, तर चिमटीत धरून म्हणाल्या, "ही नायलॉनची दिसते. आमच्यात अस्सल रेशीमच नेसतात."

हे मला ऐकवायचं? खोपोलीत बाबांच्या, मग तुझ्या दुकानाच्या गादीवर मी लहानाची मोठी झाले. रेशमाची थोरवी मला कुणी सांगू नये. (थोरवी तरी कसली! किडे उकळत्या पाण्यात घालून त्यांच्या कोशाचा धागा काढायचा, आणि तेच वस्त्र सोवळ्याला चालणार. धुतलेलं सुती बिचारं ओवळं. पूर्वीच्या बायका पैठणी पेटीत जपून ठेवायच्या आणि आयुष्यात चारदा नेसायच्या. आता पोरी त्याच पैठणीची जाकिटं शिवून जीन्सवर घालतात. लोक नावं ठेवतात, मला मात्र बरं वाटतं. कापड अंगावर शोभतं, डांबराच्या गोळ्यांत नाही.)

तर परीक्षा तूच शिकवलेली. हातमागाची पैठणी उलट्या बाजूनेही सुलटीसारखीच दिसते. तरी शंका राहिली तर एक धागा जाळायचा: रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटात चुरते, नकली वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. मी पदर हळूच उलटून पाहिला. मोरांच्या पाठीमागे कापलेल्या धाग्यांचं नुसतं जंगल. पण नुसत्या डोळ्यांवर विसंबून कुणाच्या साडीला नाव ठेवू नये, एवढं मला कळतं. म्हणून विहीणबाई आरशाकडे वळल्या तेव्हा गोंड्यातला एक धागा तोडला आणि काडी लावली. मला वाटलं, तुटला. तुटला नव्हता.

सेल्समनने हातातला चहा ओतला. आमच्या ह्यांनी किरणसाठी काढलेल्या साडीनेच पदर झोडपला (तीही साडी गेली). विहीणबाईंच्या केसालाही धक्का लागला नाही, हे देवाचे उपकार. पण विझल्यावर मी मान खाली घातली नाही. गार झालेली काळी गोळी उचलली आणि साऱ्या दुकानाला दाखवली. "वास घ्या! पिलॅस्टिक हाय, रेशीम नाय!"

त्यावर विहीणबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या दशरथदादाच्या दुकानातली हाय ती. अस्सल म्हणून त्यांनीच दिली."

सेल्समन हसला. त्याला मी नंतर बघून घेईन.

आता निरोप आलाय: हिरूबाईंनी घरी येऊन, पाया पडून, खोटा आळ घेतल्याची माफी मागावी, नाहीतर आम्ही दुसरी मुलगी बघतो. सगळे म्हणतात, माग की, जीभ झिजणार आहे का? मी मागणार नाही. गोंडा जाळला त्याची माफी मागेन, पदर नवा करून देईन. पण नकलीला नकली म्हटलं म्हणून वाकणार नाही. आज मी वाकले तर किरणला त्या घरात जन्मभर वाकून राहावं लागेल. तिला काय वाटायचं ते वाटो, तिच्यासाठीच मी ताठ उभी आहे.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
हिरू

ता. क. खोपोलीहून खालापूर तुला जवळ आहे. खरी पैठणी घे, विहीणबाईंकडे जा आणि "मी नकली विकली" असं स्वतःच्या तोंडाने सांग. एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. तुझ्या एका वाक्यावर पोरीचं लग्न अडलंय. आणि लग्नात मामाची पिवळी साडी आणशील तेव्हा मी मांडवाच्या दारात काडेपेटी घेऊन उभी असेन.

ता. क. दुसरं. बाबा गेल्यावर माझं लग्न तू लावून दिलंस, तेव्हाचा हिरवा शालू काल बाहेर काढला. काठाचा धागा ओढला, काडीही पेटवली. मग फुंकून टाकली. तो शालू अस्सल आहे, दादा. कुणी वेगळं म्हटलं तर गाठ माझ्याशी आहे, आणि तू म्हणालास तरी.