मोडलेला कॅमशाफ्ट

लुगो, ३ मार्च १९८६

चि. इव्होन हिस अनेक आशीर्वाद.

फोनवर मला हल्ली धड ऐकू येत नाही, आणि ओरडून बोललं की आपण भांडतोय असं वाटतं. म्हणून पत्र.

हिरवी गाडी बहिऱ्यालाही ऐकू येईल इतकी खडखडत होती. व्हॉल्व्हची फट वाढलेली. इंजिनातले दोन्ही कॅमशाफ्ट काढून खालच्या चकत्या बदलल्या. शाफ्ट सध्या जेवणाच्या टेबलावर आहेत. तुझी आई असती तर त्यांच्यासकट मला बाहेर काढलं असतं. पण आता बसवताना हात थरथरतात. तुझ्या भावाला विचारून उपयोग नाही. लेआर्कोने आपलं गॅरेज टायरवाल्याला विकल्यापासून पान्याला हात लावलेला नाही. तू तिकडे तोरिनोत रोज हेच करतेस म्हणे. कसं बसवू, ते लवकर कळव.

तुझा बाबा, एर्मेते


तोरिनो, ७ मार्च

ती. बाबांना सा. न.

पत्र वाचून आधी हसू आलं, मग नाही आलं. सोळाव्या वर्षी मी पाना मागितला, तेव्हा तुम्ही मला गल्ल्यावर बसवलंत आणि पाना लेआर्कोला दिलात. त्याला जांभया यायच्या. मी गल्ल्यावरून मान वाकडी करकरून शिकले. आणि आता मलाच विचारताय!

असो. शाफ्टवरची प्रत्येक कॅप जिथली तिथेच बसवा. तेल सढळ हाताने. खुणेला खूण जुळवा. नट पाळीपाळीने, अर्धा अर्धा आटाच आवळा. एकीकडचे एकदम आवळलेत तर शाफ्ट तिरपा होऊन मोडेल. शेवटी इंजिन हाताने फिरवून बघा. अडलं तर जोर करू नका. पण एवढी घाई कसली? मला तर इथे श्वास घ्यायला वेळ नाही.

तब्येत जपा, आणि राग धरू नका.

इव्होन


लुगो, १७ मार्च

चि. इव्होन हिस आशीर्वाद.

शाफ्ट मोडला. अर्धा अर्धा आटा आवळत होतो, मग धीर सुटला आणि एका टोकाचे दोन नट एकदम पिळले. काडी मोडावी तसा आवाज झाला.

घाई कसली, ते आता सांगतो. लेआर्कोकडून आधीच कळलं होतं की परवाच्या शनिवारी तू स्वतःचं गॅरेज उघडणार आहेस. मला बोलावणं नव्हतं, ते रास्तच. पण मनात होतं, त्या गाडीतून अचानक दारात येऊन उभं राहायचं. रेल्वेने येता आलं असतं. पिशवी घेऊन स्टेशनावर गेलोही होतो. मग वाटलं, कोणत्या तोंडाने जाऊ? परत आलो. तुझा शनिवार माझ्याविना गेला, याचं फार लागलं आहे.

बाबा


तोरिनो, २१ मार्च

ती. बाबांना सा. न.

तुम्हाला बोलवायला दोनदा कागद घेऊन बसले आणि दोनदा उठले. तुमचा नकार वाचण्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं वाटलं. आणि शनिवारी दिवसभर दाराकडे बघत राहिले. बाप तशी लेक, दुसरं काय!

भंगारवाल्याकडे चांगला शाफ्ट मिळाला. पुढच्या रविवारी येते. तुम्ही फक्त दिवा धरायचा, तोंड उघडायचं नाही. आणि जेवायला सारणाचे काप्पेल्लेत्ती शेजारच्या बाईंकडून करून घ्या. तुमच्या हातचे मागच्या वेळी उकळत्या पाण्यात सुटले होते.

येतेच आहे.

इव्होन


लुगो, ३ एप्रिल

चि. इव्होन हिस अनेक आशीर्वाद.

गाडी मांजरासारखी गुरगुरते आहे. तू नट आवळत होतीस, तेव्हा हळू म्हणायला मी तोंड उघडलं आणि मिटलं. इतक्या सावकाश मी जन्मात काम केलं नाही. दिवा हलायला लागला, तर तू माझं मनगट धरलंस.

काल बारमध्ये मित्रांनी विचारलं, गाडी कोणाकडून करून घेतलीस? मी म्हटलं, मुलीकडून. त्यांनी विचारलं, म्हणजे ती गल्ल्यावर बसायची, तीच का? सगळे हसले. मला मान वर करवेना. तेव्हा पाना तुझ्या हातात दिला असता, तर आज तिथे टायर विकले गेले नसते.

डोळ्यांची तपासणी झाली. डॉक्टर आता गावाबाहेर गाडी नेऊ देत नाहीत, त्यामुळे गाडी घेऊन तोरिनोला येणं माझ्याकडून राहिलंच. गाडी तू घेऊन जा. आणि तुझ्या दारावरच्या पाटीचा फोटो पाठव. पाटीवर आपलं आडनाव ठेवलंस का, हे तू इथे असताना विचारायचं होतं. जीभ रेटली नाही.

उरलीसुरली माया असू दे.

बाबा