कायेन्टाचा एक तास

मुऐदर, दोहा
१२ सप्टेंबर २००४

प्रिय नुपूर,

तुझे फोटो मिळाले. लाल खडक, त्यांच्यामधून सरळ गेलेला रस्ता, कडेला चांदीच्या बांगड्या विकणारी नवाहो आदिवासी आजी. इथल्या वाळवंटात नजर पोचेल तिथवर काही उभंच नसतं. तिथलं केवढं उंच! पण खरं सांगू? मी आधी खडक पाहिलेच नाहीत. फोटो काढणाऱ्याची वाळूवर पडलेली सावली पाहिली. शफाची की जैदची, हे भिंग घेऊन पाहिलं.

फीनिक्सच्या कॉलेजला सुट्टी लागली म्हणून जुलैत तुम्ही तिघं निघालात. तुझा फोन आला, कायेन्टाच्या हॉटेलातून दहाला निघालो. शफाने तिच्या आईला सांगितलं, नऊला. दोघी एकाच गाडीत, गाडी चालवणारा शफाचा मामेभाऊ जैद, आणि मधला तास गायब! हुस्ना धापा टाकत आली. “विभाताई, तुमची नुपूर खोटं बोलते की माझी शफा, ते एकदाचं ठरवा. दोघी खऱ्या असतील तर मीच येडी!” मला हसू आलं नाही. मी मनात तुलाच खोटं ठरवलं होतं. विचारल्यावर तू चिडून इंग्रजीत काहीतरी बोललीस, फोन ठेवलास. माझी खात्रीच झाली. बाबांना मीच सांगितलं. “खलास, पुढचं शिक्षण इथेच,” म्हणाले आणि ऑक्टोबरचं तुझं परतीचं तिकीट काढलं. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस.

फोटोंच्या पाकिटात चिठ्ठी नव्हती. होतं तिथलं माहितीपत्रक, एका ओळीखाली तुझी पेन्सिल: उन्हाळ्यात नवाहो भागातली घड्याळं एक तास पुढे, फीनिक्सची नाहीत. म्हणजे तू हॉटेलातलं, नवाहो वेळेचं घड्याळ पाहिलंस, शफाने मनगटावरचं, फीनिक्सच्या वेळेचं. घड्याळ पुढे करतात हे आम्हा दोघींना कुठून ठाऊक असणार? रत्नागिरीत नाही, पुण्यात नाही, दोह्यात नाही.

इथे थांबले असते तर हे नुसतं माफीचं पत्र झालं असतं. पण ते पाकीट तीन आठवड्यांपूर्वीच आलं होतं. पत्रक मी पिठाच्या डब्याखाली सारलं. तुझ्या खोलीला नवे पडदे शिवून घेतले. संशय फिटला तेव्हा कळलं, मला तू परत हवी होतीस, त्यासाठी कुठलंही कारण चाललं असतं. आज सकाळी पत्रक बाबांपुढे ठेवलं. “कधी आलं?” एवढंच त्यांनी विचारलं. मी तारीख सांगितली. तिकीट रद्द झालं. ते तुला कळवतील, पण तारखेचं बोलणार नाहीत. मला सांभाळून घेतील. तुला वाटत असेल, पाकीट टपालात हरवलं. हरवलं नव्हतं, नुपूर.

तुझीच,
आई