भावोजींनी घोटा सोडावा म्हणून

अंधेरी, बुधवार

ती. सौ. नलूताईस धाकट्या सुलुचा वाकून नमस्कार.

चारकोपच्या नव्या घरात तुम्ही सगळी सुखरूप असाल, नळाला पाणी वेळेवर येत असेल आणि भावोजींचा खोकला बरा असेल. (नसला तर इतक्यात बरा करू नकोस. कारण पुढे कळेल.) हे पत्र भावोजी कामावर गेल्यावर वाच. मीच आले असते, पण मी आले की भावोजी रजा टाकून मटण आणायला जातात आणि मग दिवसभर समोरून हलत नाहीत. मला जे सांगायचं आहे ते नेमकं त्यांच्याबद्दल आहे.

गिरणी बंद पडली, तिचा कबड्डीचा संघ मोडला आणि संघाचे कप्तान, म्हणजे आमचे हे, घरी बसले, तेव्हा तूच म्हणालीस की सुलु, तुझ्या हातची तळलेली कोंबडी विक. विकली. अंधेरीला 'कप्तान फ्राइड चिकन' चाललं, मग घाटकोपरला निघालं, आणि येत्या रविवारी मुलुंडला तिसरं उघडतंय. देवाच्या कृपेने सगळं बरं आहे, फक्त ह्यांच्या डोक्यातून कबड्डी काही गेली नाही. दुकानात माणसं सातच ठेवतात, कारण संघात गडी सात. कुणी कोंबडी करपवली की शिट्टी वाजते, तो 'बाद', आणि जाऊन फुटपाथवर बसतो. गिऱ्हाइकाने मोठं पार्सल नेलं की एक गडी जिवंत होऊन आत येतो. गेल्या मंगळवारी धंदा मंद होता, तर आचाऱ्यासकट सातही जण बाहेर बसले होते आणि मी एकटी कढईशी. लोकांना वाटलं संप झाला.

हेही मी सोसलं असतं. पण गणपतीनंतर ह्यांनी नवीन काढलं. दर रविवारी संध्याकाळी दुकानाशेजारच्या मोकळ्या जागेत चुन्याने रेघा मारायच्या, सात गिऱ्हाइकं उभी करायची आणि ह्यांनी चढाई करायची. कुणाला हात लावून रेघेपर्यंत परत आले तर गिऱ्हाइकांनी मुकाट पैसे भरून खायचं. पकडलं तर सातही जणांना फुकट. आता ताई, ह्यांचा तो उजवा गुडघा तुला माहीत आहेच. (घोटा धरून कुणी पकडलं आणि तो गेला तेही तुला माहीत आहे. मी भावोजींना दोष देत नाही, खेळ म्हटला की लागायचंच.) डॉक्टरांनी बजावलंय की हा गुडघा पुन्हा पिळवटला तर काठी. पहिल्या रविवारी मी देव पाण्यात ठेवले. दुसऱ्या रविवारी मात्र मी अक्कल चालवली. खेळणाऱ्या सातही जणांना खेळाआधी मागच्या दाराशी बोलावलं, एकेक तंगडी हातावर ठेवली आणि म्हटलं, बाबांनो, माझ्या कुंकवाला जपा, धरल्यासारखं करा आणि सोडा.

पोरं गुणाची, सोडलं. पण असल्या गोष्टी लपतात होय? आता रविवारी वर्सोव्याहून माणसं डबे घेऊन येतात आणि मागच्या दाराशी रांग लावतात. गेल्या खेपेला एकाच्या वाट्याला पंख आला तर तो मला म्हणतो, "वहिनी, पंखावर फक्त अर्धा सोडीन हां." हे हरले असते तर सात जणांचं फुकट गेलं असतं. हे जिंकतात म्हणून निम्म्या वर्सोव्याचं जातंय. आणि ह्यांना वाटतं, आपण पुन्हा पंचविशीत आलो. सकाळी गच्चीवर बैठका काढतात. गुडघा कडकड वाजतो तो खाली मला ऐकू येतो.

आता खरं संकट. मुलुंडच्या उद्घाटनाची जाहिरात ह्यांनी मला न विचारता छापून वाटली. त्यात ठळक अक्षरात लिहिलंय की रविवारी कप्तान काशीराम आपले जुने प्रतिस्पर्धी आणि साडू दशरथ यांच्यावर चढाई करतील. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा लागत नाही. बाकी इकडे सर्व ठीक.

तुझी,
सुलु

ता. क. – तू ओळखलंच असशील. खोकला अजून असेल तर भावोजींना रविवारी घरीच ठेव; नसेल तर गोड बोलून सांग की घोटा धरू नका. तंगडी देऊन ते ऐकायचे नाहीत, तत्त्वाचे आहेत, म्हणून तुझ्या गळ्याची शपथ घाल.

ता. क. दुसरा – शपथ घालू नकोस. पाकिटाला डिंक शोधत होते तेवढ्यात हे आले. कुणाला लिहितेस विचारलं. तुला म्हटल्यावर जरा वेळ गुडघा चोळत बसले, मग म्हणाले, "पोरांच्या हाताक तेल असता गो. खाऊन येतत नि माका धरतत. माका कळणा नाय काय?" पहिल्यापासून ठाऊक होतं. मी एवढ्या मायेने तळते म्हणून हे गप्प राहिले म्हणे. जाहिरातीत भावोजींचं नाव घातलं ते ह्याचसाठी, की तो एकच माणूस खाऊन सोडणार नाही. "एकदा नीट धरून बाद कर म्हण. मग मी गल्ल्यावर बसतंय. दशरथाक सांग, हात धुवन ये."

मला रडूच आलं ताई. तेव्हा भावोजींनी खुशाल धरावं. डावा घोटा धरावा, उजव्याला हातही लावू नये. आणि धरल्यावर लगेच सोडू नये. हे रेघेकडे धडपडतील, तेवढं त्यांना धडपडू द्यावं.